ताऱ्यांचा फोटो गच्चीवरून

चंडीगडच्या सेक्टर ३९ मधल्या गच्चीवरून ताऱ्यांचे फोटो काढायचे तर अडचण कॅमेऱ्याची नसते, रस्त्यावरच्या दिव्यांची असते. शटर पाच-दहा मिनिटं उघडं ठेवलं, की आकाश पांढुरकं होतं आणि तारे त्यात बुडतात.

हौशी मंडळी मग वेगळी युक्ती करतात. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून, दहा-पंधरा सेकंदांचे फोटो तासभर पाठोपाठ घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या १५ अंशांच्या कमानी उमटतात! फोकस मात्र ठळक ताऱ्यावर हातानेच करावा. ध्रुव शोधणं सोपं: गावाचे अक्षांश तेवढी त्याची उंची. चंडीगडला तो सुमारे ३१ अंशांवर असतो, नागपूरला २१. म्हणजे नागपूरकराला तिथे तो हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा वर दिसेल.

आकाशगंगा मात्र या गच्चीवर मिळणार नाही, भिंग कितीही महाग घ्या. तिला अंधारच हवा. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातल्या पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा मान मिळाला, तो आसपासच्या गावांतले दिवे बदलून, त्यांचा उजेड जमिनीकडे वळवल्यावर. तिथे जायचं तर एप्रिल-मेमधली अमावास्या गाठा. आकाशगंगेचा ठळक भाग मध्यरात्रीनंतर वर येतो. १८ मिमीच्या भिंगाने वीस सेकंद पुरे. त्याहून जास्त वेळ दिलात तर तारे लांबट होतात.