नैसर्गिक पीकवाढ उत्तेजकांच्या चाचण्या सातारा-सांगलीतच व्हाव्यात याबाबत निवेदन

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
मार्फत : मा. विभागीय कृषी सहसंचालक, कोल्हापूर

विषय : शेतकरी गटांनी स्थानिक वनस्पती व सेंद्रिय मालापासून बनवलेल्या वाढ उत्तेजकांसाठी सरकारी चाचणीची आणि बाजारातील बाटल्यांच्या तपासणीची सोय करण्याबाबत.

महोदय,

आम्ही सातारा व सांगली जिल्ह्यांतील द्राक्ष, हळद, आले आणि ऊस उत्पादक पुढीलप्रमाणे निवेदन सादर करतो.

केंद्र शासनाने २०२१ मध्ये जैव उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आणली, त्याचे आम्ही स्वागतच केले. त्याआधी कोणीही काळे पाणी बाटलीत भरून 'टॉनिक' म्हणून खपवत होता. बाजारातल्या उत्पादनांना दिलेल्या तात्पुरत्या नोंदणीची मुदतही १६ जून २०२५ रोजी संपली. आता विकायचे तर पिकावरच्या परिणामाचा पुरावा हवा. तो मागणे रास्तच आहे. पण वेगवेगळ्या हवामानाच्या तीन ठिकाणी चाचण्या घेण्याचा खर्च कंपनी पेलते, शेवग्याचा पाला वाटून अर्क काढणाऱ्या गावातल्या गटाला तो झेपत नाही. शेवग्याच्या पाल्यात झिएटिन हे सायटोकायनिन असते. मण्याच्या फुगवणीसाठी सिक्स-बीए वापरणाऱ्या द्राक्षवाल्याला सायटोकायनिन म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वेगवेगळी हवामाने शोधायला तर आमच्या दोन जिल्ह्यांबाहेर जावेच लागत नाही. महाबळेश्वरचा धो धो पाऊस, कृष्णाकाठची काळी जमीन आणि माण-जतचे अवर्षण, सगळे इथेच आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची केंद्रेही इथेच आहेत : पाडेगावला १९३२ पासूनचे ऊस संशोधन केंद्र, कसबे डिग्रजला हळदीचे, महाबळेश्वरला गहू गेरव्याचे. या केंद्रांवर दर हंगामात काही वाफे गटांच्या अर्कांसाठी राखून ठेवावेत आणि चाचणीचे शुल्क शासनाने सोसावे, ही आमची मुख्य मागणी आहे. निष्कर्ष वाईट आला तरी तो जाहीर व्हावा.

हे आम्ही का म्हणतो, तेही स्पष्ट लिहितो. आमच्या स्वतःच्या पिंपाचीसुद्धा आम्हाला खात्री नाही. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ व बेसन आणि दोनशे लिटर पाणी, हे जीवामृताचे माप गावोगाव पाठ आहे. पण थंडी पडली की आंबवण रेंगाळते. गेल्या महिन्याचे पिंप आणि या महिन्याचे पिंप एकच, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मात्रा किती, कोणत्या अवस्थेत, किती दिवस टिकते, हे शास्त्रज्ञांनी बसवून द्यावे. समुद्री शेवाळाच्या रसाचे तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने बसवलेच आहे. ते आमच्या आले-हळदीवर तपासून मिळावे.

दुसरी तक्रार बाजाराची. आमच्यापैकी एकाने समुद्री शेवाळाचा अर्क म्हणून बाटली आणली आणि द्राक्षावर फुलोऱ्याआधी फवारली. चार-पाच दिवसांत घडाचा देठ लांबला, पाकळ्या सुटल्या. द्राक्षवाल्याला ही खूण लगेच कळते : आत जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, असल्याचा दाट संशय आला. हे संजीवक वापरायला आमची ना नाही, दरवर्षी मोजूनमापून डिपिंग करतोच. पण ते कीटकनाशक कायद्याखाली येते, आणि न सांगता मिसळले तर आमची मात्रा दुप्पट होते. बाटलीतला नमुना कोठे द्यायचा, हे दुकानापासून कार्यालयापर्यंत कोणी सांगितले नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ नियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात अडकलेली भारतीय द्राक्षे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून शेतकऱ्याने स्वतः आणलेला नमुना, बिलासह, माफक शुल्कात तपासून मिळावा आणि 'नैसर्गिक' बाटलीत संजीवक सापडल्यास विक्रेत्याबरोबर उत्पादकावरही कारवाई व्हावी.

स्वतःच्या शेतासाठी किंवा गटातल्या सभासदांसाठी, विक्री न करता बनवलेल्या अर्काला परवाना लागतो की नाही, याचा लेखी खुलासा सर्व तालुका कृषी अधिकाऱ्यांना पाठवावा. आज एका तालुक्यात एक उत्तर मिळते, शेजारच्या तालुक्यात दुसरे.

ऑक्टोबर छाटणी सुरू होण्यापूर्वी आपल्या दालनात बैठक मिळावी, ही विनंती. गटांचे अर्क, वापराच्या नोंदवह्या आणि उरलेली ती बाटली आम्ही सोबत आणू.

आपले विश्वासू,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी : मा. कुलगुरू, महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, सातारा व सांगली