ठाण्याचे चार रक्तसाक्षी, १३२१ : त्यांना ‘हुतात्मे’ म्हणावे का?

मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च ठाणेकरांच्या रोजच्या वाटेवरचे. परंतु ठाण्यात पोर्तुगीज अंमल सुरू होण्याच्या दोनशे वर्षे आधीच, एप्रिल १३२१ मध्ये, येथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले होते : तोलेन्तिनोचा तोमास, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा देमेत्रिउस.

त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना ‘हुतात्मे’ आणि ‘बलिदान’ हे शब्द सहज येतात. माझ्या मते ते येथे दिशाभूल करतात.

‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पिलेले. सावरकरांनी रूढ केलेल्या या शब्दामागे यज्ञाची कल्पना आहे. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र पापक्षालन करणारे बलिदान एकच, ख्रिस्ताचे क्रुसावरील मरण. ते एकदाच आणि सर्वांसाठी झाले, म्हणून मंदिरातील वारंवारच्या बळींची गरज संपली, हा नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्रा’चा गाभा. कोणा संताच्या मृत्यूने त्यात भर पडत नाही. मग मार्टिर कोण? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘साक्षीदार’. मराठी ख्रिस्ती परंपरेतला ‘रक्तसाक्षी’ हा शब्द किती नेमका आहे, पाहा.

आता ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने १३३० मध्ये सांगितलेली हकिकत घ्या. साधूंना कोल्लमला जायचे होते. जहाजाने त्यांना ठाण्यात आणले. ते एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरी उतरले. यजमानाने पत्नीला मारहाण केली. ती काझीकडे गेली आणि पुरावा म्हणून या पाहुण्यांची नावे सांगितली. पीटर सामान राखत घरी थांबला, बाकीचे तिघे काझीपुढे गेले. म्हणजे ते तेथे आले, तेच साक्षीदार म्हणून! पुढे विषय धर्मचर्चेकडे वळला, मुहम्मद पैगंबरांविषयी प्रश्न आला आणि उत्तराने प्रकरण चिघळले. (त्या स्त्रीची फिर्याद मागेच पडली, हे मला अधिक खटकते.)

जेम्सला दोनदा आगीत टाकले, तरी तो भाजला नाही, असे ओडोरिक सांगतो. हा चमत्कार इतिहास म्हणून मी स्वीकारत नाही. पण कथा रचणाऱ्याचे मन त्यातून दिसते. त्याच्या दृष्टीने अग्नीने हा ‘हुत’ घेतलाच नाही. मलिकाने तर त्यांना खाडीपलीकडे पाठवून दिले होते. काझीच्या आग्रहानंतर रात्री मारेकरी गेले. पीटरला नंतर मारले.

अरबीतील ‘शहीद’चाही मूळ अर्थ साक्षीदारच. काझीपुढे उभे असलेले दोन्ही पक्ष या एका कल्पनेवर एकमत झाले असते.

त्यांचा सोबती, डोमिनिकन जोर्दानुस, त्या दिवशी ठाण्यात नव्हता. त्याने मृतदेह सोपाऱ्याला पुरले. काही काळाने ओडोरिकने ती हाडे उकरून घेतली आणि समुद्रमार्गे चीनमधील झैतून बंदरी, म्हणजे आजच्या क्वानझोऊला, तेथील फ्रान्सिस्कन मठात नेऊन ठेवली.