अठराव्या वाढदिवसाला आजार थांबत नाही

समजा, खंडाळ्यातील एक मुलगी. दहावीत तिने आधी भात सोडला, मग पोळी. संकष्टीच्या जोडीला एकादशीही सुरू झाली. घरच्यांना कौतुकच वाटले. वजन घसरले, पाळी थांबली, नाडी मंदावली, तेव्हा कुठे ‘ॲनोरेक्सिया’ हे नाव कळले. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि रोज ताटापुढे बसणारी आई यांच्या जोरावर ती सावरली. आता बारावी झाली, वय १८ पूर्ण. कॉलेज पुण्यात, मुक्काम वसतिगृहात. नेमका इथेच उपचारांचा धागा तुटतो.

मेसमध्ये कोण जेवले, कोण नाही, हे पाहायला कुणी नसते. मुलांचे डॉक्टर म्हणतात, ‘आता मोठ्यांच्या विभागात दाखवा.’ तिथे ती नवी रुग्ण; सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची. अशी रुग्ण दुसऱ्यांदा फिरकत नाही, तर त्यात नवल काय?

हे लाड किंवा फॅशन नव्हे. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक जीवघेण्या आजारांत ॲनोरेक्सियाची गणना होते. पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात. मुलगेही यातून सुटलेले नाहीत.

आपल्याकडे तर वयाच्या रेषाही एकसारख्या नाहीत. अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभाग १२ वर्षांपर्यंत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ पर्यंत, तर किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षांसाठी. आजार मात्र या रेषा पाळत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार १८ नंतर उपचारांचा निर्णय रुग्णाचा. ते योग्यच आहे. पण कालपर्यंत भरवणारे आईवडील आज एकदम परके व्हावेत, असे कायदा म्हणत नाही. सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तब्येत बरी असताना मुलीने स्वतः आईचे वा वडिलांचे नाव लिहिले, तर तिचा हक्कही राहतो आणि आधारही.

‘आहारविकारांची वेगळी केंद्रेच आपल्याकडे कितीशी आहेत?’ हा प्रश्न रास्त आहे. पण रुग्ण नीट सोपवायला इमारत लागत नाही. ब्रिटनमधील २०१६ची मार्गदर्शक तत्त्वे तर सांगतात, की या बदलाची तयारी १३-१४व्या वर्षापासून करावी आणि एक ठरावीक व्यक्ती रुग्णासोबत असावी. तेवढे जमले नाही, तरी बारावीच्या सुरुवातीला आरंभ करता येईल. एका पानावर सर्वांत कमी वजन, सध्याचे वजन, ईसीजी, पोटॅशियम, औषधे आणि धोक्याच्या खुणा लिहाव्यात. जुन्या डॉक्टरांनी नव्यांना फोन करावा. शक्य तर एक भेट दोघांनी मिळून घ्यावी. वसतिगृहाजवळ नियमित वजन-नाडी कोण पाहणार, हे प्रवेश घेतानाच ठरवावे. अडल्या वेळी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहेच.

प्रवेशासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डझनभर झेरॉक्स आपण महिनाभर आधी जमवतो. त्याच फाईलमध्ये हे एक पानही असायला हवे.