वावडे ताटातले, ओळ मेनूकार्डावरची



हैदराबादेत नवा आलेला पाहुणा सकाळी टिफिन सेंटरवर इडली मागवतो, तेव्हा सोबतची पांढरट चटणी त्याला खोबऱ्याची वाटते. आपण इथले जुने. ती बहुधा पल्लीची, म्हणजे शेंगदाण्याची असणार हे आपल्याला ठाऊक असते. दुपारी बिर्याणी मागवली की सोबत मिरची का सालन येते. त्याच्या दाट रश्श्यात शेंगदाणे, तीळ आणि सुके खोबरे वाटून घातलेले असते. बघारे बैंगनचेही तेच. वाटण एवढे बारीक असते की यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. तुम्हा-आम्हाला त्याने फरक पडत नाही. पण घरात एखाद्याला शेंगदाण्याचे किंवा तिळाचे वावडे असेल, तर त्या वाटीत काय आहे हे त्याला कोण सांगणार, असा प्रश्न आहे.

हा प्रश्न आमच्या घरात आला म्हणून मी त्याच्या नियमांच्या खोलात शिरलो. मुलगी परदेशात असते. तिचा मुलगा सात वर्षांचा असताना सुट्टीत इकडे आला होता. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नात्यातल्या एका मुंजीला आम्ही सगळे गेलो. मी स्वतः केटररला गाठून विचारले, ‘‘कशात शेंगदाणे आहेत का हो?’’ तो म्हणाला, ‘‘नाही काका, आज भाजीत शेंगदाणे घातलेच नाहीत.’’ तो खोटे बोलला नाही. भाजीत नव्हतेच. पण काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट होते आणि ते सांगायचे त्याच्या लक्षात आले नाही. खरे तर विचारायचे माझ्याही लक्षात आले नाही. दुसऱ्या घासाला नातवाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, मग खोकला आणि घरघर सुरू झाली. मुलीच्या पर्समध्ये इंजेक्शन होते, ते तिने तिथेच मांडीत टोचले आणि आम्ही रुग्णालय गाठले. मूल वाचले. पण कूट म्हणजेच शेंगदाणे, ही साधी गोष्ट एका अनुभवी आचाऱ्याच्या आणि चाळीस वर्षे आकडे तपासणाऱ्या माझ्या डोक्यात त्या क्षणी आली नाही, याची बोचणी अजून आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखाली लेबलिंग आणि डिस्प्लेचे नियम २०२० मध्ये आले. मेनूकार्डासंबंधीची तरतूद आधी १ जानेवारी २०२२ पासून लागू व्हायची होती, नंतर ती मुदत १ जुलै २०२२ पर्यंत वाढवली गेली. या तरतुदीनुसार, ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा आहेत, अशा उपाहारगृहांनी मेनूवर पदार्थाचे उष्मांक द्यायचे, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह द्यायचे आणि ॲलर्जी आणणारे घटकही सांगायचे. घरपोच जेवण देणाऱ्या ॲपवाल्यांनी हीच माहिती हॉटेलांकडून घेऊन ग्राहकाला दाखवायची आहे.

नियम चांगला आहे. पण बँकेत कोणतेही परिपत्रक आले की आम्ही आधी दोन गोष्टी पाहायचो: हे कोणाला लागू आहे आणि कोणाला सूट आहे. तसे पाहिले तर दहा शाखांची अट लावल्यावर आपण रोज खातो ती बहुतेक ठिकाणे बाहेर राहतात. कोपऱ्यावरचे टिफिन सेंटर, मेस, मिठाईवाला, पोळीभाजी केंद्र यांपैकी फार थोड्यांच्या दहा शाखा असतात. वर्षात साठ दिवसांपेक्षा कमी काळ चालणाऱ्या समारंभाच्या केटरिंगला तर नियमातच सूट आहे. म्हणजे मुंजीचे जेवण, गणपतीतला महाप्रसाद, कोजागरीचे मसाला दूध, दिवाळीत घरून येणारा फराळ यांपर्यंत ही मेनूकार्डावरची ओळ बहुतेक वेळा पोचतच नाही.

दुसरी उणीव यादीत आहे. नियमांत ॲलर्जीकारक पदार्थांचे आठ गट दिले आहेत: गहू-जव यांसारखी ग्लुटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट. या यादीत तीळ नाहीत, मोहरीही नाही. युरोपीय संघाच्या चौदा पदार्थांच्या यादीत दोन्ही आहेत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा घटक म्हणून सक्तीचा केला. आपल्याकडे मात्र एखाद्या मोठ्या साखळी हॉटेलाने नियम तंतोतंत पाळला, तरी सालनातले शेंगदाणे सांगणे त्याच्यावर बंधनकारक आणि त्याच वाटणातले तीळ सांगणे ऐच्छिक! ज्या शहराला युनेस्कोने २०१९ मध्ये खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला, तिथल्या सर्वांत प्रसिद्ध रश्श्याची ही गत आहे. आणि आवकायचे काय? त्यात तर मोहरीची पूडच मुख्य.

कोणी म्हणेल, हैदराबादेत अन्नाच्या तपासण्या तर जोरात चालू आहेत. खरे आहे. एप्रिल २०२४ पासून तेलंगणाच्या अन्नसुरक्षा विभागाच्या पथकांनी शहरातल्या अनेक हॉटेलांची झडती घेतली. कालबाह्य माल, लेबल नसलेले डबे, अस्वच्छ स्वयंपाकघरे यांच्या बातम्या आपण वाचल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, मोमो खाऊन झालेल्या विषबाधेनंतर, कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर राज्यात एक वर्षाची बंदीही आली. पण तो विषय वेगळा आहे. खराब अन्न सगळ्यांनाच बाधते, त्यामुळे तिथे धाड आणि बंदी यांचा उपयोग होतो. ॲलर्जीत अन्न ताजे, स्वच्छ, उत्तम असते, शंभरातले नव्व्याण्णव जण बोटे चाटतात आणि एकाचा श्वास अडतो. कर्नाटकातल्या प्रौढांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभरात साधारण एकाला अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता दिसली होती. आपल्या महाप्रसादाला पाचशे पाने उठतात असे धरले, तर हिशेब तुम्हीच करा. तिथे बंदी घालून काय होणार? शेंगदाण्यावर बंदी घालता येत नाही आणि घालूही नये. तिथे सांगणे हाच उपाय.

आणि सांगायला आपल्याकडे पुष्कळ आहे. साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी, कोशिंबीर, दाण्याची आमटी यांत दाण्याचे कूट. गोडा मसाल्यात तीळ आणि खोबरे. संक्रांतीला तर तीळ हाच सण. मेतकुटात डाळींबरोबर गहू. उपवासाचे ताट आपल्याला सर्वांत सात्त्विक वाटते, पण शेंगदाण्याचे वावडे असलेल्या मुलासाठी तेच सर्वांत धोक्याचे. हिंगाची डबी उचलून तिच्यावरचे घटक वाचा. बाजारातल्या अनेक हिंगांत गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. सीलिॲक हा आजार ॲलर्जीहून वेगळा असला, तरी त्या रुग्णाला गहू अजिबात चालत नाही. भात आणि साधे वरण म्हणून तो निर्धास्तपणे जेवतो आणि फोडणीतल्या हिंगातून गहू पोटात जातो.

‘‘हे सगळे फॅड आहे, आमच्या लहानपणी नव्हते’’ असे आपल्या पिढीतले काही जण म्हणतात. मीही म्हणत असे. पण ‘‘अमक्याला वांगं चालत नाही’’, ‘‘तमकीला कोळंबी खाल्ली की अंगावर उठतं’’ हे आपण लहानपणीही ऐकले आहेच. वावडे हा शब्द काही इंग्रजीतून आलेला नाही. तेव्हा गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी चोळायचे आणि ‘पित्त उठलं’ म्हणून सोडून द्यायचे. ज्यांचे त्याहून पुढे गेले, त्यांची नोंद कोणी कशाच्या नावाने केली असेल कोण जाणे.

खर्चाचा आक्षेपही मला पटत नाही. ताटाची चौकशी करणे आपल्या समाजाला नवीन नाही. ‘‘व्हेज आहे ना?’’ हे विचारताना कोणाला संकोच वाटतो? पाकिटावरचा हिरवा ठिपका २००१ पासून आपल्या अंगवळणी पडला आहे. आपला केटरर जैन पंगत वेगळी लावतो, चातुर्मासात कांदा-लसूण वगळतो, उपवासवाल्यांचे वेगळे काढतो आणि यातल्या एकालाही तो नखरे म्हणत नाही. श्रद्धेसाठी जे आपण बिनबोभाट करतो, ते जिवासाठी करायला जड का जावे?

सांगितले नाही तर काय होते, याची दोन उदाहरणे ब्रिटनमधली आहेत. जानेवारी २०१४ मध्ये यॉर्कशायरमधल्या एका भारतीय पद्धतीच्या रेस्टॉरंटमधून पॉल विल्सन या ३८ वर्षांच्या गृहस्थाने चिकन टिक्का मसाला नेला. आपल्याला शेंगदाणे चालत नाहीत, हे त्याने सांगितले होते. पण मालकाने बदामाच्या पुडीऐवजी स्वस्त, शेंगदाणे असलेली पूड वापरायला घेतली होती. विल्सन दगावला. २०१६ मध्ये मालकाला सदोष मनुष्यवधासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच २०१६ च्या जुलैमध्ये नताशा एडनन-लापेरूज ही पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेले सँडविच खाऊन गेली. पावाच्या पिठात तीळ भाजलेले होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. दुकानातच बनवून बांधलेल्या पदार्थांना तेव्हा तशी सक्ती नव्हती. तिच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे अशा पदार्थांवर सगळे घटक छापणे बंधनकारक झाले. लोक त्याला नताशाचा कायदाच म्हणतात. पहिल्या घटनेत ग्राहकाने विचारले होते, दुकानदाराने माल बदलला. दुसरीत दुकानदाराने नियम मोडला नव्हता, नियमच अपुरा होता. आपल्याकडे दोन्ही शक्यता आहेत.

एक सावधगिरीही सांगतो. उद्या सगळ्यांनी भिंतीवर ‘‘आमच्या पदार्थांत शेंगदाणे, गहू, दूध, सुकामेवा असू शकतो’’ अशी एकच पाटी लावली, तर तिचा उपयोग ‘अटी लागू’ एवढाच होईल. कर्जाच्या कागदावरचे बारीक अक्षर ग्राहकासाठी किती असते आणि बँकेच्या बचावासाठी किती, हे मी जवळून पाहिले आहे. कोणत्या पदार्थात नक्की काय आहे, ते सांगितले तरच माणसाला निवड करता येते. भिंतीवरची पाटी सगळी जबाबदारी त्याच्यावर ढकलते आणि त्याला उपाशी परत पाठवते.

म्हणून माझी सूचना आधी आपल्या मंडळासाठी आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. केटरर ठरवताना त्याच्याकडून प्रत्येक पदार्थाचे घटक लेखी घ्यावेत, हिंग, मसाले आणि तळणीच्या तेलासह. नंतर काही बदलले तर त्याने कळवायचे, हेही त्याच कागदावर असावे. वाढायच्या टेबलावर प्रत्येक भांड्यासमोर जाड कागदाची चिठ्ठी ठेवावी: दाणे, तीळ, काजू-बदाम, खोबरे, गहू, दूध यांपैकी जे असेल ते मोठ्या अक्षरांत. शक्य असेल तिथे कूट कोशिंबिरीत न कालवता बाजूला ठेवावे, ज्याला हवे त्याने घ्यावे. प्रत्येक भांड्याला वेगळा डाव असावा, कारण एका डावाने दहा भांडी ढवळली की चिठ्ठ्यांना अर्थ उरत नाही. आणि नाव नोंदवताना ‘काही वावडे आहे का?’ असा एक रकाना असावा. आम्ही बँकेत ‘आपला ग्राहक ओळखा’ म्हणून एवढी कागदपत्रे गोळा करतो, इथे तर एकाच प्रश्नाचे काम आहे.

आपल्यातल्या ज्या भगिनी घरून चकल्या, लाडू, चटण्या, मसाले करून विकतात, त्यांनाही विनंती आहे. पाकिटावर घटक लिहाच, पण चिवडा आणि शंकरपाळे एकाच तेलात तळले असतील किंवा कूट आणि भाजणी एकाच मिक्सरमधून काढली असेल, तर तेही लिहा. त्याने गिऱ्हाईक पळत नाही. ज्या घरात असे मूल आहे, ते घर तर कायमचे तुमच्याकडे येईल.

बाहेर खाताना प्रश्नही नीट विचारायला शिकू या. ‘‘शेंगदाणे आहेत का?’’ एवढ्याने भागत नाही, हे मी महागात शिकलो. ‘‘रश्श्याचे वाटण कशाचे आहे? कूट आहे का? चटणी कशाची?’’ असे विचारावे. इथल्या वेटरला मराठी शब्द कळणार नाहीत, ‘पल्ली’ आणि ‘नुव्वुलु’ म्हणजे तीळ, हे दोन तेलुगू शब्द मुलांना पाठ करून ठेवावेत.

शेवटी, इतके करूनही चूक होऊ शकते. खाल्ल्यावर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, चक्कर आली, तर आमसूल, सोडा, ॲलर्जीची गोळी यांत वेळ घालवू नका. तेव्हा लागते ते ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आणि तेही लगेच. मुलीकडे होते तसे तयार पेन आपल्याकडे औषधांच्या दुकानांत सहज मिळत नाही. म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. बाकीच्यांनी सरळ १०८ ला फोन करावा. ही सेवा २००५ मध्ये आपल्या हैदराबादेतूनच सुरू झाली.

नातू पुन्हा येणार आहे. यंदा त्याला गणपतीत मंडळात आणायचे माझ्या मनात आहे. मुलगी अजून ‘बघू’ म्हणते. कोशिंबिरीसमोर एक चिठ्ठी असेल, एवढे मला तिला खात्रीने सांगता आले पाहिजे. कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, चिठ्ठ्या लिहून आणायचे काम माझ्याकडे.