खाडीचा आकडा खाडीकाठच्या माणसाला द्या

"सेन्सर बसवले आहेत, आता काही लपणार नाही." प्रदूषणाची तक्रार घेऊन जाणाऱ्या माणसाला हल्ली हे उत्तर सहज मिळते. माझे भांडण यंत्राशी नाही. यंत्र कुठे बसवले, ते कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा आकडा कोण वाचतो, हे प्रश्न मात्र विचारलेच पाहिजेत.

दाभोळची खाडी घ्या. वाशिष्ठी चिपळूणवरून येते, जगबुडी खेडवरून. दोघींचे पाणी दाभोळला समुद्राला मिळते. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून याच खाडीत जाते. मेलेल्या माशांचा खच इथे अनेकदा पडला आहे. भोई, खारवी, दालदी, सगळ्यांच्या जाळ्याचा हा प्रश्न आहे. पण तक्रार केली की पुरावा द्यावा लागतो, आणि पुरावा ओहोटीबरोबर निघून गेलेला असतो.

राष्ट्रीय कार्यक्रमात अनेक ठिकाणी पाण्याचा नमुना महिन्यातून एकदा घेतात. महिन्यात भरत्या येतात सुमारे 58. प्रयोगशाळेत बीओडीची चाचणी 27 अंशांवर तीन दिवस चालते. सेन्सर मात्र विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा काही मिनिटांत देतो. मासळीसाठी तो लिटरला किमान 4 मिलिग्रॅम हवा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच निकष आहे. म्हणून सेन्सर हवेतच, आणि ते खाडीत हवेत.

2014 मध्ये केंद्रीय मंडळाने 17 प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना आणि सामायिक केंद्रांना सतत मोजणारी यंत्रे सक्तीची केली. पाऊल चांगले होते. पण ही यंत्रे बसतात सांडपाण्याच्या तोंडाशी. ती विकत घेतो कारखाना, त्यांची देखभाल करतो कारखान्याने नेमलेला माणूस. परीक्षा ज्याची, पट्टीही त्याच्याच हातात. सेन्सरच्या तोंडावर शेवाळ आणि गाळ साचला की आकडा भरकटतो. ते तोंड स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायलाही फार अक्कल लागत नाही. शिवाय 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे खटल्यात नमुना टिकायचा तर कारखानदाराला नोटीस द्यावी लागते आणि नमुन्याचे दोन भाग करून सील करावे लागतात. सेन्सरने रात्री दोनला इशारा दिला, तरी ही सगळी क्रिया होईपर्यंत ते पाणी पुढे गेलेले असते.

22 फेब्रुवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे आकडे राज्य मंडळांच्या पोर्टलवर लोकांसमोर ठेवण्याचा आदेश दिला. पण पोर्टलच्या कोपऱ्यात आकडा असणे वेगळे आणि होडी ढकलण्याआधी तो मच्छीमाराला कळणे वेगळे.

"लोकांना आकडे समजत नाहीत, उगाच घबराट होईल," असे म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहाने मोजलेले समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी कुठे मिळेल ते मच्छीमारांना कळवते. ते त्यांना समजते. मग मासळी कशाने मरेल हेच तेवढे कसे समजणार नाही?

आता थोडे आपल्या लोकांशी. भरपूर पाणीसुद्धा घाण मिसळून त्याचा रंग, वास किंवा चव बदलली तर पाक राहत नाही, हे आपल्याला मदरशात लहानपणीच शिकवतात. रसायन नजासत ठरते का, हा फतव्याचा विषय मी इथे काढत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, पाणी तपासण्याचा अधिकार फिकहने सामान्य माणसाला दिला, त्याच्याच डोळ्याला, नाकाला आणि जिभेला. आजचे विष या तिघांना चकवते, म्हणून सेन्सर हे आपले चौथे इंद्रिय आहे. ते दुसऱ्याच्या कपाटात कुलूपबंद कसे चालेल? पाण्यात सर्व माणसे भागीदार आहेत, ही हदीसची शिकवण आहे. भागीदाराला हिशेब दाखवावा लागतो. वुजूच्या पाण्यावर तासभर चर्चा करणाऱ्या आपल्या जमाती खाडीच्या पाण्यावर गप्प बसतात, हे मला पटत नाही.

मागण्या साध्या आहेत. केंद्राच्या तोंडाशी आहेत तसे सेन्सर खाडीतही वर, मध्ये आणि मुखाशी बसवा. त्यांची देखभाल कारखान्याबाहेरच्या माणसाकडे द्या आणि सफाईची नोंदवही जाहीर करा. आकडे जेटीवरच्या फलकावर मराठीत लावा. प्राणवायू 4 च्या खाली गेला की त्याच भरतीत कायदेशीर नमुना घेणारे पथक जवळच ठेवा. ग्रामसभेचा आणि मच्छीमार सोसायटीचा ठराव यासाठी लागेल. त्या ठरावावर मशिदीच्या कमिटीने आणि देवळाच्या विश्वस्तांनी मिळून सह्या कराव्यात. खाडी दोघांची एकच आहे.