मुल्की, गैरमुल्की आणि कागद

निजामाच्या राज्यात वाढलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीला ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हे शब्द कोणी समजावून सांगावे लागत नसत. मुल्की म्हणजे राज्याचा रहिवासी, गैरमुल्की म्हणजे बाहेरचा. १९१९ च्या नियमांनी सरकारी नोकऱ्या मुल्कींसाठी राखून ठेवल्या होत्या. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचे असेल तर पंधरा वर्षांचे वास्तव्य लागे आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडला आहे, असे शपथेवर लिहून द्यावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली आणि पुढे हे शब्दही मागे पडले. त्यांच्या पोटातला प्रश्न मात्र आता नव्या नावाने आपल्या दाराशी आला आहे. बांगलादेशातून बेकायदा आलेल्यांना हुडकून काढा, ही मागणी आता मुंबईपुरती उरलेली नाही. जन्माच्या उशिरा केलेल्या नोंदींवरून वाद पेटला, तेव्हा त्यात लातूरचेही नाव आले. म्हणून या विषयावर आमच्या भागातल्या माणसाने चार शब्द बोलायला हरकत नसावी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. परवानगीवाचून देशात शिरलेल्या परक्या नागरिकाला शोधणे आणि परत पाठवणे हा सरकारचा अधिकार आहे, नव्हे, ते त्याचे कामच आहे. त्यासाठी १९४६ चा कायदा होता; १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. पैसे घेऊन खोटे दाखले मिळवून देणारे दलाल आणि त्यांना सामील असलेले कर्मचारी यांची गय करण्याचे काही कारण नाही. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हाती असले म्हणून कोणी आपोआप नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले, तेही कायद्याला धरूनच आहे. माझी अडचण याच्या पुढची आहे. एवढे कागद असूनही ते पुरेसे नसतील, तर ज्याच्याजवळ मुळात कागदच नाही, अशा इथल्याच माणसाने काय करायचे?

मराठवाड्यात अशी माणसे किती, हे बँकेच्या काउंटरवर ज्यांनी दिवस काढले त्यांना विचारावे. खाते उघडायला आलेल्या दहा जणांत चार जणांची जन्मतारीख १ जून निघायची. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज करायचे आणि तीच तारीख रजिस्टरला लागायची. सातबाऱ्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे आणि अंगठा मात्र एकाच माणसाचा. बायकांची तर आणखी वेगळी गोष्ट. माहेरचे नाव गेले, सासरचे लागले आणि दोन्हींना जोडणारा कागद कुठेच नाही. आम्ही ओळखीचा खातेदार साक्षीला बोलवत असू, गावात चौकशी करत असू आणि मगच सही करत असू. यातली बहुतेक माणसे सात पिढ्यांची इथली होती.

याला इतिहासही आहे. १९४८ च्या आगेमागे रझाकारांच्या त्रासाने हिंदू कुटुंबे घरेदारे सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली. पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबे गावे सोडून हैदराबादेकडे गेली. जीव मुठीत धरून निघालेला माणूस कागदांची पिशवी सांभाळत बसत नाही. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडमातीच्या त्या घरांखाली ट्रंकांमधले दाखले आणि फेरफारही गाडले गेले.

आणि हे सगळे आपण नुकतेच पुन्हा अनुभवले आहे. २०२३ पासून मराठवाड्यातला मराठा समाज आजोबा-पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिलेला कागद शोधतो आहे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकाळातली दप्तरे उघडली, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो. पण पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणाऱ्यालाही आपला पणजोबा कागदावर सापडत नाही, हे या निमित्ताने घराघराने पाहिले. तेव्हा आपण सरकारला काय म्हणालो? कागद सापडत नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही; गावात विचारा, नातेसंबंध पाहा. तीच सवलत शेजारच्या गल्लीतल्या शेख किंवा पठाण कुटुंबाला द्यायला आपली जीभ का अडखळते?

नागरिकत्वाच्या बाबतीत तर एकाचा कागद अख्ख्या कुटुंबाला पुरवावा लागतो. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्यासाठी आई किंवा वडील नागरिक असावे लागतात, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दोघांपैकी एकही बेकायदा आलेला नसावा लागतो. म्हणजे नातवाचा हक्क आजीच्या आणि आईच्या दाखल्यांवर टांगलेला. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिकांची अंतिम यादी निघाली, तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली, आणि एकाच घरातला भाऊ आत तर बहीण बाहेर, असेही झाले.

उशिराच्या जन्मनोंदींचे अधिकार २०२३ च्या दुरुस्तीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आले. तक्रारी वाढल्यावर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने हे काम थांबवले आणि विशेष तपास पथक नेमले. तपास व्हावाच. पण दाखला चुकीच्या रीतीने दिला गेला असेल, तर तेवढ्याने तो घेणारा बांगलादेशी ठरत नाही. केवळ संशयावरून कोणालाही उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही, आधी सरकारजवळ काही आधार हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सांगितले आहे. तरीही जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात राबणारे पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीयच निघाल्यावर त्यांना परत आणावे लागले. बंगाली बोलतो एवढ्यावरून माणूस परका ठरू लागला, तर देगलूरचा तेलुगू बोलणारा आणि उदगीरचा कन्नड बोलणारा तरी किती दिवस सुरक्षित?

इथेच दुसरा प्रश्न येतो, मिसळून जाण्याचा. ‘इथे राहायचे तर इथले व्हा’ असे म्हणतात. बेकायदा प्रवेशाशी याचा संबंध नाही. मराठी शिकला म्हणून घुसखोर कायदेशीर होत नाही आणि न शिकलेला नागरिक परका होत नाही. पण प्रश्न खोटा नाही, आणि त्याचे उत्तर नांदेडने फार पूर्वी दिले आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी इथे आले. पुढे १८३० च्या दशकात महाराजा रणजितसिंहांनी गुरुद्वाऱ्याची वास्तू बांधवली, आणि त्याच काळात निजामाच्या चाकरीतले शीखही दख्खनमध्ये स्थिरावले. त्यांच्या वंशजांनी केस, कृपाण, लंगर सगळे जपले. आणि मोंढ्यात भाव करताना ते आपल्यासारखीच मराठी बोलतात. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांवरच्या मारवाडी, गुजराती, लिंगायत, मुसलमान दुकानदारांना एकमेकांची भाषा अडत-उधारीनेच शिकवली. भूसंपादनाच्या भरपाईला आजही मराठवाड्यातला शेतकरी ‘मावेजा’ म्हणतो. हा शब्द उर्दूतून आला, याची त्याला खबरही नसते. हे कोणाच्या हुकमाने झाले नाही. रोजच्या व्यवहाराने आणि दोन-तीन पिढ्यांच्या सवडीने झाले.

आणि आपणही कुठेतरी बाहेरचेच असतो. आमच्याकडची पोरे पुण्यात शिकायला जातात, ‘काय करायलास?’ म्हटले की तिथे हसू होते, आणि दिवाळीला घरी येतात ती ‘काय करतोयस?’ म्हणत. आईला ते आवडत नाही, पण ती समजून घेते. आमचे ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या फडांवर महिनोन्‌महिने पाचटाच्या कोप्यांत राहतात. त्यांच्याकडे तिथे कोणी पणजोबाचा दाखला मागितला, तर आपल्याला कसे वाटेल?

तेव्हा मागणी एवढीच आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याला कारण लेखी द्या, बाजू मांडायला वेळ द्या, आणि रद्द करायचा तो दाखला एकेक तपासून रद्द करा, सरसकट नको. कुणबी नोंदींसाठी गावोगावची जन्ममृत्यूची रजिस्टरे आणि शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरे बाहेर काढून चाळली गेली आहेत. ती दप्तरे एका समाजाची नाहीत. त्यांत गावातल्या प्रत्येकाचा पणजोबा आहे. ती सगळ्यांसाठी खुली करावीत. उर्दू-मोडी वाचणारी माणसे आता हाताशी आहेत, तेवढ्यात त्यांच्याकडून हेही काम करून घ्यावे. त्यातून घुसखोर सापडायचा असेल तर सापडेल, आणि सात पिढ्यांचा रहिवासी आपल्याच गावात गैरमुल्की होणार नाही.