‘शारदे’तला म्हातारा आणि घरातले आजोबा

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ सालचे. द्रव्यलोभी कांचनभट आपली कोवळी कन्या वृद्ध भुजंगनाथास देऊ पाहतो. कोदंड ते लग्न मोडतो. प्रेक्षक भुजंगनाथाला हसले आणि तो हशा योग्यच होता. परंतु देवलांचा रोख मुलीच्या विक्रीवर होता, उतारवयातील सोबतीच्या इच्छेवर नव्हे. हा भेद आपण विसरलो. म्हणूनच पासष्टीच्या विधुराने समवयस्क विधवेशी विवाहाचा विषय काढताच घरात ‘या वयात?’ असा सूर उमटतो. त्या विधवेला तर याहून कठोर बोल ऐकावे लागतात.

तळोद्यातील दवाखान्यात एकट्या वृद्धांचा रक्तदाब तपासताना मी जेवणाचीही चौकशी करतो. एकट्यासाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, रात्र चहा-बिस्किटांवर निघते, गोळ्या राहून जातात. दीर्घ एकाकीपणाचा संबंध नैराश्य, हृदयविकार आणि स्मृतिभ्रंश यांच्याशी आढळून आला आहे. अर्थात, प्रत्येकाला सोबती हवाच असतो असे नाही. मुलांनी परस्पर स्थळ ठरविणे हीसुद्धा जबरदस्तीच.

मुलासुनांनी आधी शांतपणे ऐकून घ्यावे. खरी चिंता घर-शेतीच्या वाटणीची असेल, तर ती वयाच्या आड न लपविता स्पष्ट बोलावी. मृत्युपत्र आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम विवाहापूर्वीच जाणकाराकडून समजून घ्यावेत. आणि दोघांची औषधे, वेळांसह, एकाच वहीत लिहून ठेवावीत.